भिंतीकडे तोंड

"साहेब, टाका." एवढं म्हणून नाखवा खुर्ची सोडायचे आणि भिंतीला कपाळ टेकून, पाठ करून उभे राहायचे. साहेब अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड टाकेपर्यंत वळायचे नाहीत. असं उभं राहायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पण "अहो, वळा" असंही साहेब कधी म्हणाले नाहीत. हे लक्षात ठेवा.

माजिवड्याच्या आमच्या कंपनीत चोवीस कॉम्प्युटर होते. ते चालू ठेवायची जबाबदारी नाखवांची आणि पासवर्ड साहेबांचा. खाडीकाठच्या कोळीवाड्यातला हा चाळिशीचा माणूस, सात वर्षं कंत्राटी. मशीन अडकलं की अकाउंट्समधले ओरडायचे, "नाखवा, होडी बुडाली!"

"बुडंल नाय तर काय! भोक तूच पाडलंस!" नाखवा हसत उठायचे.

नव्व्याण्णव साल. दोन हजार उजाडलं की कॉम्प्युटर त्याला एकोणीसशे समजतील, म्हणून दुरुस्तीची सीडी आली. ती प्रत्येक मशीनवर चढवायची आणि दर वेळी पासवर्ड लागणार. साहेब म्हणाले, "हे काम नीट झालं की तुम्हाला कायम करतो."

अठरा मशीनं झाली आणि साहेबांना कंटाळा आला. आज मीटिंग, उद्या बघू. नाखवा रोज सीडी घेऊन केबिनच्या दारात.

मी तिथेच टायपिस्ट, युनियनची पत्रकं लिहायचे. म्हटलं, "दादा, लेखी द्या."

"नाय गो बाय. कागद दिला तर साहेबाला वाटंल, भांडाया आलो."

"आणि ते आलेच नाहीत तर?"

ते हळूच म्हणाले, "पासवर्ड ठाव हाय मला. साहेब एका बोटानं टाइप करतो, एकेक अक्षर पुटपुटत. पाठ फिरवली म्हंजे कान बंद होतात काय?"

"मग टाका ना!"

"मला दिलेला नाय तो."

डिसेंबरात हेड ऑफिसची माणसं आली. त्यांनी तारीख पुढे सरकवून बघितली. सहा मशीनं थेट एकोणीसशे सालात गेली. हजेरीच्या मशीनप्रमाणे आम्ही सगळे जन्माआधीच कामावर हजर! आम्ही खूप हसलो. नाखवा हसले नाहीत.

चौकशीला युनियनतर्फे मी बसलेले. साहेब म्हणाले, "पासवर्ड हवा होता तर मागायचा! मी नाही म्हटलं असतं?" लेखी मागणी? एकही नाही.

मी उठले. पासवर्ड माहीत असून, नोकरी टांगलेली असून या माणसाने त्याला हात लावला नाही. प्रामाणिकपणाचा याहून मोठा पुरावा कुठला? पण मी हे बोलले असते तर त्यांच्यावरच पासवर्ड चोरल्याचा आरोप लागला असता. नाखवांनी माझ्याकडे बघून एकदाच नकारार्थी मान हलवली. गेटवरच्या सभेत माइकशिवाय बोलणारी मी, खाली बसले.

वर्ष संपायच्या आत नाखवांना काढलं. उरलेली सहा मशीनं साहेबांनी स्वतः केली. एका दुपारीत! मी पत्रक काढलं. त्यात सगळं होतं, फक्त त्यांना पासवर्ड माहीत होता, हे एक वाक्य नव्हतं.

त्यांच्या जागी नवा माणूस आला. पहिल्याच दिवशी साहेब पासवर्ड टाकायला बसले, तेव्हा तो शेजारी उभा राहून स्क्रीनकडे बघत होता. साहेबांचं बोट थांबलं. मग त्यांनी तेच बोट भिंतीकडे केलं.

तिथे, कपाळाच्या उंचीवर, खोबरेल तेलाचा काळपट डाग होता.