एका वायरीचं घर

आमच्या घरात लाईटची एकच वायर येते. शेतातून मोटरीची लाइन गेली आहे, तिच्यावरून घेतलेली. लाईट लागायला दोन वायरी लागतात. दुसरीच्या जागी घरामागे एक लोखंडी सळई जमिनीत ठोकली आहे आणि तिला तार बांधली आहे. याला आम्ही अर्थिंग म्हणतो. जमीन ओली असली की पंखा जोरात फिरतो. जमीन सुकली की त्याची पाती मोजता येतात. मग सळईच्या बुडाशी बादलीभर पाणी ओतायचं. बारा वर्षं मी रोज ओतते आहे. हे रीतसर आहे का म्हणाल तर नाही.

मुलगा आणि सून दिवाळीनंतर ऊस तोडायला कारखान्यावर जातात; तिकडे अशा जोडप्याला कोयताच म्हणतात. सुनेची कंबर गेली आहे. सकाळी उठताना ती आधी भिंत धरते, मग उभी राहते. मागच्या वर्षी नातीला एका कंपनीत काम लागलं, घरी बसून करायचं. दवाखान्यांचे कागद बघायचे आणि त्यातली माहिती लॅपटॉपवर भरायची. लॅपटॉप कंपनीनेच दिला. सहा महिने बघणार, मग कायम करणार. नात आईला म्हणाली, "हा तुझा शेवटचा कोयता. पुढल्या साली तू घरी राहायचं." गाडीत बसताना सुनेने मागे वळून पोरीकडे पाहिलं. मी पाहिलेलं आहे ते.

थंडीत सगळं ठीक चाललं. रानात ओल होती. पोरगी सकाळी दहाला बसायची, सहाला उठायची. मी भाकरी टाकून तिच्या शेजारी ठेवायची. ती खाता खाता बोटं चालवायची.

माघात लॅपटॉप बिघडला. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. वायर लावली की त्याच्या कडेचा बारका दिवा लागायचा आणि विझायचा. पुन्हा लागायचा, पुन्हा विझायचा. दर वेळी टुंग आवाज. आतली बॅटरी दोन तासांत संपायची आणि सगळं बंद. पोरीचं काम अर्धं राहिलं की कंपनीच्या कागदावर तिच्या नावापुढे खूण व्हायची.

आम्ही काय काय केलं ते सांगते. पिन बोर्डात ढिली बसते म्हणून तिच्या शेजारी काडी खोचली. बोर्ड बदलला. जिथे वायर लॅपटॉपमध्ये घुसते ते भोक कापसाने पुसलं, फुंकलं. वायर एका ठरावीक बाजूला वाकवून वर वरवंटा ठेवला. कंपनीतला माणूस फोनवरून सांगायचा, बटण दाबून धरा, सोडा, आता लावा. पोरगी तसं करायची. शेवटी त्याने दुसरा चार्जर पाठवला. तोही तसाच. मोबाईल त्याच बोर्डावर बिनतक्रार चार्ज व्हायचा. म्हणून आमचा लाईटवर संशय गेला नाही. मोबाईल खातो किती आणि हे यंत्र खातं किती, हे आम्हाला कोण सांगणार होतं.

कंपनीने शेवटचं बजावलं. पोरीला त्या दिवशी अकरा वाजता साहेबाशी फोनवर बोलायचं होतं, आणि बसमध्ये रेंज जाते. म्हणून तालुक्याला, वडवणीला, लॅपटॉप घेऊन मी गेले. बाजारचा दिवस होता. बसमध्ये लोकांच्या मांडीवर कोंबड्या, माझ्या मांडीवर ती काळी पिशवी. एक बाई म्हणाली, "आजी, शाळेत नाव घातलं का?" मी म्हटलं, चौथीत सोडली होती, आता पाचवी करते.

बसस्टँडमागे एका मुसलमान मिस्त्रीचं दुकान आहे. त्याचा बाप रेडिओ दुरुस्त करायचा, आमचाही केला होता. त्याने आमचा चार्जर लावला. दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. त्याने वायर हलवली, ओढली, वाकवली. दिवा हलला नाही. दुसरा चार्जर लावला, तेच. यंत्र तासभर चालवून बघितलं. मी स्टुलावर बसून त्या दिव्याकडे बघत होते. मला त्याचा राग आला. घरी मरतो आणि इथे मजेत जळतो.

मिस्त्रीने विचारलं, "आजी, घरात वायरी किती येतात?"

मी सांगितलं, एक. दुसरी जमिनीत.

"मग मशीनला कशाला बदनाम करता? ह्याला काय बी झालं न्हाई. जमीन सुकली, तुमच्या लाईटीत दम न्हाई. ज्याच्या घरी खांबावरची लाईट हाय, तिथं नेऊन लावा. आजच लावा."

तो पैसे घेईना. दुरुस्त काही केलंच नाही म्हणाला.

आता मला जे लिहायचं आहे ते हे. खांबावरची लाईट आमच्यापासून दोनशे पावलांवर आहे. माझ्या जावेच्या घरी. खांब तिच्याच बांधावर आहे. पूर्वी आमच्या दोन्ही वायरी तिच्या अंगणावरून यायच्या. बारा वर्षांपूर्वी बांधावरच्या बाभळीवरून आमचं वाजलं, आणि जाऊ मला चारचौघांत म्हणाली की तुझा नवरा तुझ्या तोंडाला कंटाळून मेला. त्याला जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. मी त्याच दिवशी मुलाला दोन्ही वायरी काढायला लावल्या. तिच्या अंगणावरून येणारा उजेड मला नको होता. सळई मी सांगितली म्हणून ठोकली गेली. मुलाची इच्छा नव्हती.

तर मी घरी आले. पोरगी दारातच उभी होती. काय म्हणाला मिस्त्री, तिने विचारलं.

मी म्हटलं, "त्याला बी कळंना."

"दुसरीकडं लावून बघा म्हणला का?"

"न्हाई."

ती खोट काढत राहिली ती यंत्रातच. कंपनीला दुसरा लॅपटॉप मागत राहिली. मी घरामागे पाणी ओतत राहिले. आधी दोन बादल्या, मग सहा. विहिरीतून शेंदून. खडेमीठ ओतलं, चुलीतला कोळसा कुटून पुरला, कारण कुठल्याशा इंजिनिअरने गावात तसं सांगितल्याचं मी ऐकलं होतं. पाणी ओतलं की अर्धा तास दिवा टिकायचा. पोरगी आतून आनंदाने सांगायची, "आजी, आला." मी बाहेर बादली धरून उभी. अर्ध्या तासाने टुंग. माघाची जमीन कितीही पाजली तरी पिऊन टाकते. माझा खांदा असा सुजला की वेणी घालता येईना. पोरीनेच माझी वेणी घातली. ती म्हणाली, एवढं पाणी कशाला शेंदतेस. मी म्हटलं, तुळशीला.

आठ दिवस असे गेले. आठव्या दिवशी ती भिंतीशी बसून रडली. आवाज न करता. तिची आई रडते तशी. मग मी उठले आणि जावेकडे गेले.

जाऊ अंगणात तूर पाखडत होती. तिने मान वर केली आणि सूप खाली ठेवलं. तीही म्हातारी झाली आहे, समोरचे दात नाहीत. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मिस्त्री काय म्हणाला, कधी म्हणाला, तेही. एकदा बोलायला लागले की अर्धं ठेवता येत नाही मला.

ती म्हणाली, "एवढी वाट झिजवायला बारा वर्षं लागली व्हय गं बाई? आण की पोरीला. लाईट काय माझ्या बापाची हाय?"

मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. तिने नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मग मी आधी का गेले नाही, याला काहीतरी कारण राहिलं असतं.

दुसऱ्या दिवशी पोरगी तिकडे बसली. जावेने तिला खुर्ची दिली, पंखा लावून दिला. दिवा एकदाही विझला नाही. दुपारपर्यंत बॅटरी पूर्ण भरली. चार वाजता कंपनीचं पत्र आलं, त्याच लॅपटॉपवर, की तुमचं काम पुढे चालू ठेवता येत नाही, यंत्र परत पाठवा. जावेने तिची समजूत घालायला चहा केला आणि बोलता बोलता म्हणाली, आजी तुझी आठ दिस आधी आली असती तर बरं झालं असतं, मिस्त्रीनं तर बाजारच्या दिवशीच सांगितलं होतं. तिला वाटलं पोरीला माहीत आहे.

पोरगी घरी आली. पिशवी खुंटीला लावली आणि जावेने सांगितलेलं खरं का, विचारलं. मी चुलीपुढे होते. मी तिच्याकडे न बघता सांगितलं की होय, त्याने सांगितलं होतं. ती भांडली असती तर मी भांडले असते. भांडायला मला येतं.

ती म्हणाली, "आईला काय सांगू, आजी?"

मी तव्यावरची भाकरी उलटली. 

लॅपटॉप तिने खोक्यात भरला, दोन्ही चार्जर गुंडाळून ठेवले आणि वडवणीहून पाठवून दिला. त्यानंतर तिने दुसरीकडे अर्ज केले. त्यांना आधीच्या कंपनीचा दाखला लागतो. त्या दाखल्यावर काय लिहिलं आहे ते तिने मला वाचून दाखवलं नाही, आणि मी मागितलं नाही.

पाडव्यानंतर मुलगा आणि सून परत आले. पोरीने आईला सांगितलं की मशीन खराब निघालं. माझं नाव घेतलं नाही. सून म्हणाली, जाऊ दे, आणि भिंत धरून खाली बसली.

आषाढात ऊसतोडीची माणसं ठरवणारा मुकादम आला. ओट्यावर बसला, पुढच्या हंगामाचं विचारलं. मुलाने सुनेकडे पाहिलं. सुनेने पोरीकडे पाहिलं. पोरीने खाली पाहिलं. सून म्हणाली, "धरा आमचा कोयता." मी आत होते. मुकादमासाठी चहा मीच केला.