सदर मांजर व तिचे वालीवारस

वकिलांच्या त्या कचेरीत त्याला सगळे परंतुक म्हणत. कायद्याच्या कागदात एका हाताने काही दिलं, की खाली 'परंतु' लिहून दुसऱ्या हाताने त्यातलं अर्धं काढून घेतात. त्या ओळीला परंतुक म्हणतात. सव्वीस वर्षं करारांचे मसुदे लिहिता लिहिता ही खोड त्याच्या जिभेत मुरली होती. "चहा घेणार?" असं कुणी विचारलं तर "घेईन, परंतु तो गरम असल्यास आणि त्यात साखर आधीच घातलेली नसल्यास," असं उत्तर यायचं. तोवर चहा निवलेला असायचा.

अशा माणसाकडे धाकट्या वकीलबाईंनी कचेरीचा ब्लॉग सोपवला. लोकांना कायदा समजावून सांगायचा, आणि अडचण आली तर याच वकिलांकडे जावं असं त्यांना वाटलं पाहिजे. परंतुक हरखून गेला. आजवर त्याने जे जे लिहिलं ते लोकांनी न वाचता शेवटच्या पानावर सही करून परत दिलं होतं. आता त्याला वाचक मिळणार होते! त्याने नवं पेन घेतलं, चष्म्याची काच बदलली आणि 'भाडेकराराचे स्वरूप, व्याप्ती व मर्यादा' यावर चौदा परिच्छेद एका बैठकीत हाणले.

तिसऱ्या आठवड्यात बाईंनी त्याला संगणकासमोर बसवलं. "हा आकडा बघा. लोक तुमच्या लेखावर सरासरी किती वेळ थांबतात ते."

"अकरा मिनिटं?" परंतुक खुलला.

"सेकंद."

"परंतु अकरा सेकंदांत तर शीर्षकसुद्धा..."

"तेच म्हणतेय मी. माणसं शीर्षकातच गळतात. महिनाअखेरपर्यंत आकडा दोन मिनिटांवर गेला नाही, तर मी हे काम बाहेरच्या कंपनीला देणार. तुम्हाला काय, मसुदे आहेतच की."

मसुदे होतेच. तेच तर दुःख होतं.

घरी थोरली बहीण, अक्का. शाळेत तीस वर्षं हजेरी घेतलेली बाई, त्यामुळे तिच्यापुढे परंतुक अजूनही तिसऱ्या बाकावरचा. संध्याकाळी ती विणायला बसली की तो लेख मोठ्याने वाचून दाखवू लागला. कंटाळा आला की अक्काच्या सुया पळत. त्या पळू लागल्या की तो समासात पेन्सिलीने फुली मारी. पहिल्या संध्याकाळी स्वेटरची अख्खी बाही झाली आणि समासात पांढरी जागा उरली नाही.

"मेलं, यात माणूस कुठाय?" अक्का म्हणाली. "नुसता भाडेकरू, भाडेकरू. तो भाडेकरू कोण, फसला कसा, बायको त्याला काय म्हणाली?"

"अशिलाची गोष्ट बाहेर सांगायची नसते, अक्का. तुलासुद्धा मी कधी सांगितलेली नाही."

"मग आपली सांग. मांजरांचं लिही."

परंतुकाच्या हातून पेन्सिल पडली.

बारा वर्षांपूर्वी हे घर भाड्याने घेताना खाली सामानाचा टेम्पो उभा होता, टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता आणि घरमालक पेनाचं टोपण काढून हसतमुखाने समोर उभे होते. अशा सज्जन माणसापुढे आठ पानं वाचत बसायचं म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं. जगाचे करार स्वल्पविरामासकट वाचणाऱ्या परंतुकाने आपला करार न वाचता सही केली. एकोणिसावं कलम असं होतं : 'सदर जागेत राहणारी मांजर व तिचे वालीवारस यांचा सांभाळ भाडेकरू तहहयात करील.' कोणाच्या हयातीत, ते लिहिलं नव्हतं. सध्या चौथी पिढी नांदत होती, एकूण वारस सहा. मांजर जवळ आलं की परंतुकाला शिंका येत. कचेरीत मात्र त्याने सांगून ठेवलं होतं, आपल्याला मांजरांची भारी हौस.

"हसं होईल माझं," तो म्हणाला. "न वाचता सही करणारा मसुदेवाला! उद्या कोण माझ्या हाती कागद देईल?"

"आणि नाही लिहिलंस तर?"

तो खिडकीत वारसांपाशी जाऊन उभा राहिला. दोनदा शिंकला. मग त्याने लिहिलं : 'बारा वर्षांपूर्वी मी न वाचता सही केली आणि एका मांजराचा पालक झालो.'

"आणखी सात 'परंतु' आहेत यात," वाचून झाल्यावर अक्का म्हणाली. "काढ."

सहा निघाले. सातव्यावर बहीणभावांत तासभर वाद होऊन तोही निघाला. पुन्हा वाचताना सुया तिसऱ्याच ओळीला थांबल्या. "भुरीला चार पिल्लं झाली होती, तीन नाही," अक्का डोळे पुसत म्हणाली. पुढे सही करण्याआधी कोणती पाच कलमं वाचावीत ते आलं, तरी सुया हलल्या नाहीत, कारण प्रत्येक कलमात एकेक मांजर बसलेलं होतं.

लेख आला त्या दिवशी कचेरीत झेरॉक्सवाल्याने म्याव करून त्याचं स्वागत केलं. बाईंनी आत बोलावलं.

"तुम्ही? न वाचता?"

"हो," परंतुक म्हणाला. बाई वाक्य पुढे जायची वाट बघत राहिल्या. ते तिथेच संपलं होतं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी एक तरुण जोडपं आलं. मोठ्या वकिलांना ओलांडून ते थेट कोपऱ्यातल्या टेबलापाशी गेलं.

"मांजरवाले काका तुम्हीच ना?" मुलीने विचारलं. "उद्या सही करायचीय. त्याआधी म्हटलं तुम्हाला दाखवावं."

बारा पानी करार होता. परंतुक पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचू लागला. नवऱ्याचा फोन दोनदा वाजला, त्याने घेतला नाही. मुलगी खुर्ची ओढून जवळ सरकली. "थांबा, थांबा काका, बाराव्यात काय म्हणालात?" बारावं पुन्हा झालं.

तेवढ्यात दारात बाई आल्या. "आकडा आला! चार मिनिटं दहा सेकंद! अहो, ब्लॉग तुमच्याकडेच..."

"जरा दम धरा, बाई," मान वर न करता परंतुक म्हणाला. "सोळाव्या कलमात यांच्या घरमालकाने गळकं छप्पर यांच्या माथी मारलंय."

"असू दे छप्पर," नवरा पुढे झुकून म्हणाला, "सतराव्यात काय आहे ते वाचा ना, काका."