गाडीचं लायसन

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, देवापुढे उभी राहिले तेव्हाही नाही. त्याला ठाऊक असेलच म्हणून विषय सोडून दिला. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या झाई गावचे नाही. आणि एक आधीच सांगून ठेवते. मला समजवायला जाऊ नका. "जाऊ दे गं, होतं असं कधीकधी" — हे तर नकोच. रागवायचं तर खुशाल रागवा. फक्त कशावर रागवायचं ते आधी नीट ऐकून घ्या. माणसं बहुतेक वेळा चुकीच्याच गोष्टीवर रागावतात.

आमच्या घरात आम्ही दोघी जावा. मी थोरली, ज्योत्स्ना धाकटी. सासऱ्यांची बोट आहे, भाऊजी — म्हणजे ज्योत्स्नाचा नवरा — त्यांच्याबरोबर जातात. माझा नवरा वापीला कंपनीत. मासळी सुकवायची, विकायची, हे आम्हा बायकांचं. ज्योत्स्नानं बोंबील विकून साठवलेल्या पैशातून स्कूटर घेतली. डहाणूला जाऊन लायसन काढलं. मग तिथंच मोटार शिकली, तेही लायसन काढलं. आमच्या आळीत बाईनं मोटार शिकायची म्हणजे — असो. शिकली.

मला स्कूटर तिनंच शिकवली. ओहोटीला वाळू टणक होते ना, तेव्हा. ती मागून धावायची, सीट धरून, साडी कमरेला खोचून. मी पडले की आधी गाडी उचलायची आणि मग मला, आणि वर हसायची. परीक्षा द्यायला मात्र मी गेले नाही. का? कारण गरजच पडली नाही. आमच्याकडे लायसन माणसाचं नसतं, गाडीचं असतं. आरसी, विमा आणि लायसन, तिन्ही एका प्लास्टिकच्या पिशवीत, डिकीत. जो गाडी नेईल त्याचं ते लायसन. अर्धी आळी अशीच फिरते. बायकांना तर आणखी सोपं. उन्हासाठी स्कार्फ बांधला, डोळे तेवढे उघडे ठेवले, की झाईच्या सगळ्या बाया सारख्याच दिसतात. एका लायसनवर दोन जावा आरामात चालत होत्या. यात तुम्हाला काही वाईट दिसत असेल तर दिसू दे. मला तेव्हा दिसलं नव्हतं.

चिकूच्या हंगामात मी घोलवडला निवडायच्या कामाला जाते. कधी रिक्षानं, कधी स्कूटरनं; त्या दिवशी स्कूटर घेऊन गेले. आदल्या दिवशी क्रेटच्या फुटक्या कडेनं अंगठा कापला होता. निघताना ज्योत्स्नानं त्यात हळद भरली आणि जुन्या साडीची निळी चिंधी घट्ट बांधून दिली. चिंधीचं ध्यानात ठेवा.

घोलवडला गेले तर माल न्यायची गाडीच आलेली नव्हती. शेठनं अकरालाच सगळ्यांना सोडलं. घरी मी चारपर्यंत येणार असं सगळे धरून होते. म्हणजे अकरा ते चार — हा वेळ कुणाचाच नव्हता. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, आणि असा वेळ मला पहिल्यांदा मिळाला होता. बाईनं काय करावं अशा वेळी? घरी जाऊन भांडी घासावीत? मी स्कूटर झरीच्या रस्त्याला घातली आणि तलासरी गाठली. कशाला? उगीच. हायवेच्या कडेला एका हॉटेलात बसून मी एकटीनं चहा घेतला. मग आणखी एक घेतला. ट्रक बघत बसले. कुणी काही विचारलं नाही. त्या चहाची मला आजही लाज वाटत नाही, आणि वाटणारही नाही. तुम्ही जर तिथंच रागावून बसला असाल, तर पुढचं वाचू नका.

परत निघाले तर पुलाखाली खोदकाम चालू. एक पोलीस हातानं खूण करत होता — या, या, उजवीकडून. टेम्पो गेला, त्याच्यामागे मी गेले. पन्नास पावलांवर दुसऱ्या पोलिसानं शिट्टी मारली. म्हणाला, उलट्या बाजूनं आलात. मी मागे बोट दाखवलं — अहो, त्यांनीच पाठवलं. मागे बघते तर तो पहिला पोलीस पाठ करून कुणा ट्रकवाल्याशी वाद घालतोय. म्हटलं नवऱ्याला विचारावं, म्हणून फोन काढला, गाडी अजून चालूच, एक पाय खाली. तेवढ्यात या दुसऱ्या पोलिसानं फोटो काढला. फोन हातात, हेल्मेट आकड्याला लटकलेलं, गाडीचं तोंड उलट्या दिशेला. एका फोटोत तीन गुन्हे. उलट दिशेचा गुन्हा माझा नव्हता, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन. एकानं बोलवायचं, दुसऱ्यानं धरायचं — ही कुठली रीत?

पण रीत राहू दे. त्याने लायसन मागितलं. मी डिकीतली पिशवी काढून दिली. रोज देतात तशी. त्याने कार्डाकडे बघितलं, स्कार्फकडे बघितलं. मागून हॉर्न वाजत होते, त्याला घाई होती.

"ज्योत्स्ना कोण?"

"मीच," मी म्हटलं.

एवढंच. सांगायला किती सोपं जातं बघा.

दोन दिवसांनी चलनाचे मेसेज भाऊजींच्या फोनवर आले, कारण गाडी घेताना नंबर त्यांचाच दिलेला. रात्रीची जेवणं व्हायची होती. त्यांनी फोन मधे ठेवला आणि विचारलं, मंगळवारी तलासरीला कोण गेलं होतं? मला कुणी नाव घेऊन विचारलंही नव्हतं. तरी पहिली मी बोलले. म्हटलं, मी तर घोलवडला होते, चारपर्यंत, आणि त्या दिवशी रिक्षानं गेले होते. आणि भाकरी थापत राहिले. आता गाडी चालवणाऱ्या घरात दोघीच. एक नव्हती म्हटल्यावर दुसरी कोण, हे सांगायला शाळेत जावं लागत नाही.

ज्योत्स्नानं फोन उचलला. फोटो बोटांनी ताणून मोठा केला. मी चुलीपासून बघत होते. फोन धरलेला हात, आणि अंगठ्याला निळी चिंधी. तिनं ती बघितली. मी तिला ती बघताना बघितलं. मग तिनं फोन खाली ठेवला आणि म्हणाली, "गाडी माझी आहे. काय ते मी बघते."

का गप्प राहिले मी? सांगते, पण त्याला सबब म्हणू नका. "उगीच गेले होते" — हे उत्तर आमच्या घरात चालत नाही. बाई उगीच कुठं जात नसते. मग कुणाला भेटायला गेलीस, हा पुढचा प्रश्न. तो प्रश्न मला नको होता. मग तो तिला आला. भाऊजींनी सगळ्यांसमोर विचारलं — तलासरीत कोण आहे तुझं? सासूबाईंनी तोंड फिरवलं. सासऱ्यांनी स्कूटरची किल्ली देवघराशेजारच्या खिळ्याला लावली आणि म्हणाले, आता कुणी हात लावायचा नाही. मी ताटं वाढली. भाजी सगळ्यांना पुरली, हेसुद्धा मला आठवतंय.

हे इथं थांबलं असतं तर मी कदाचित विसरले असते. खरं सांगते, विसरले असते. पण ज्योत्स्नाचं जूनपासून काम ठरलं होतं. जवळच्या एका शाळेत मुलींची ने-आण करायची व्हॅन. बाई ड्रायव्हर हवी म्हणून त्यांनीच निरोप धाडला होता. तिनं दोन पंजाबी ड्रेस शिवून घेतले होते, साडीत क्लच दाबायला अडचण होते म्हणून. इस्त्री करून, घडी घालून ट्रंकेत ठेवलेले.

आणि पोस्टानं कागद आला. लायसन तीन महिने बंद का करू नये, डहाणूच्या आरटीओ कॅम्पला येऊन सांगा.

तिच्याबरोबर कोण गेलं असेल? मीच. सोबत म्हणून. एसटीनं गेलो, कारण किल्ली खिळ्याला होती. सगळ्या रस्त्यात ती खिडकीबाहेर बघत होती आणि मी बडबडत होते, सुकटीचा भाव, पाण्याचा टँकर, काय वाटेल ते. साहेब वाईट नव्हते. त्यांनी फोटो बघितला, तिच्याकडे बघितलं, परत फोटो बघितला. म्हणाले, "चेहरा दिसत नाही यात. गाडी तुम्हीच चालवत होता का? दुसरं कोणी असेल तर आत्ता सांगा, मग माझ्या हातात राहणार नाही."

आत्ता सांगा. यापेक्षा सरळ कोणी काय विचारायचं? मी तिच्या शेजारीच बसले होते, लाकडी बाकावर, गुडघ्याला गुडघा लागून. अंगठ्यावरची जखम भरली होती, खूण होती. मी हात पदराखाली घेतला. साहेब ज्योत्स्नाकडे बघत होते. ती थांबली. आजपर्यंत मी त्या थांबण्याचे हजार अर्थ लावून बघितले — ती विचार करत होती, ती घाबरली होती. नाही. ती माझ्यासाठी थांबली होती. मी भिंतीवरचं रक्तदानाचं पोस्टर वाचत होते.

"मीच," ती म्हणाली.

तीन महिने लायसन बंद झालं. शाळेनं ऐकलं आणि दुसरी बाई ठेवली. त्यांचं काय चुकलं? फोनवर बोलत उलट्या बाजूनं गाडी हाकणाऱ्या बाईच्या हाती मुली कोण देईल? ती बाई ज्योत्स्ना नव्हती, हे त्यांना कोण सांगणार होतं? ड्रेस ट्रंकेतच राहिले. पुढे एक तिनं भाचीला दिला.

आता माझी सगळ्यात घाण गोष्ट. तीन महिने झाले, लायसन परत सुरू झालं, तरी किल्ली खिळ्यावरून निघेना. भाऊजी म्हणत, कशाला हवी? तेव्हा मी भांडले. सगळ्या घराशी भांडले. सासऱ्यांपुढे आवाज चढवला, आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, बाईनं तलासरीला जाऊन चहा प्यायला तर काय आभाळ कोसळलं? तिच्या पैशाची गाडी आहे. तुम्ही कोण अडवणारे? जे सांगायचं होतं तेवढं सोडून सगळं बोलले. खिळ्यावरची किल्ली मी माझ्या हातानं काढली आणि तिच्या हातात दिली. त्यावर आळीत माझं नाव झालं. जाऊ असावी तर अशी. मच्छीबाजारात बाया मला जागा करून देत, आणि मी त्या जागेवर बसत होते.

यावर कुणी म्हणेल, आता तरी तिची माफी माग. नाही मागणार. मी माफी मागितली तर तिला "असू दे ताई" म्हणावं लागेल. माझ्यासाठी तिनं एकदा तोंड उघडलं, तेवढं पुरे आहे. पुन्हा तिच्याकडून काही वसूल करायला मी जाणार नाही. घरच्यांना का नाही सांगत? कारण ते परत त्या चहावरच रागावतील. आणि भितेही अजून, हे पण लिहून टाकते. तुम्हाला यातलं जे पटत नसेल ते पटवून घ्यायची गरज नाही.

गेल्या वर्षी मी लायसन काढलं. माझं, माझ्या फोटोचं. मी ते डिकीत ठेवत नाही, ब्लाउजमध्ये ठेवते.

परवा ज्योत्स्ना म्हणाली, तलासरीला जायचंय, सोड मला. काय काम ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. किल्ली तिनं माझ्याकडे दिली आणि मागे बसली. झरी गेलं, शेतं गेली, पुलाखालचा नाका आला, सिग्नलला थांबले. खोदकाम केव्हाच बुजलंय, पण पोलीस उभाच होता, कुणी दुसरा. माझ्या डोक्यावर हेल्मेट, खाली स्कार्फ. तिनं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "ताई, स्कार्फ खाली घे. कोण चालवतंय ते दिसू दे."

मी एका हातानं स्कार्फ ओढून गळ्यात घेतला. पोलिसानं ढुंकूनही बघितलं नाही. मी आरशात बघितलं. ती बघत होती. मी नजर वळवली नाही, आणि सिग्नल सुटल्यावर गाडी पुढे घेतली.