आप्पांच्या छातीत दुखेना

आमच्या आप्पांच्या छातीत दुखेना, म्हणून मी परीक्षेत नापास व्हायच्या बेतात आले होते.

आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. कंग्राळीतल्या आमच्या घरात त्यांच्या शब्दाबाहेर मांजरसुद्धा जात नाही. मी बेळगावात ॲम्ब्युलन्सवरच्या कामाचं शिक्षण घेत होते. लेखी झाली होती, हाताची परीक्षा राहिली होती. मान धरा, पट्टी बांधा, स्ट्रेचरवर घ्या आणि शेवटी छातीत दुखणारा पेशंट तपासा. पास झाले तर ॲम्ब्युलन्सवर नोकरी, नाहीतर पोह्यांचा ट्रे धरून पाहुण्यांसमोर बसायचं, असं घरात ठरलं होतं. (मी तापट आहे. ट्रे माझ्या हातात कितपत टिकला असता, हा वेगळाच प्रश्न.)

पेशंट ज्याचा त्यानं आणायचा होता. माझा पेशंट व्हायला कबूल झालेली मैत्रीण ऐनवेळी खरंच तापानं फणफणली! मग आप्पाच उठले. झोपून तर राहायचंय, त्यात काय अवघड, म्हणाले आणि इस्त्रीचा सदरा, टोपी घालून निघाले. बसमध्ये मी त्यांच्याकडून सगळं घोकून घेतलं: छातीत दुखतंय म्हणायचं, डावा हात जड झालाय म्हणायचं, आधीपासून बीपी आहे आणि वडिलांना हार्टचा त्रास होता म्हणायचं. आप्पा प्रत्येक वाक्याला मान हलवत होते.

परीक्षक धारवाडकडचे होते. हातात कागद घेऊन ते आप्पांच्या स्ट्रेचरशेजारी उभे राहिले, मागं आमची सगळी बॅच. मी वाकून विचारलं, काय त्रास होतोय?

आप्पांनी आधी परीक्षकांकडं बघितलं. पडल्या पडल्या टोपी सारखी केली.

"काय न्हाय. बरं हाय."

मी दात आवळून म्हटलं, छातीत दुखतंय ना?

"आमच्या घराण्यात कुनाच्याच छातीत दुकत न्हाय."

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला! आप्पा माझ्यासाठी स्थळ बघत होते, आणि लग्नाची पोरगी घरात असताना परक्या माणसासमोर दुखण्याचं नाव काढायचं नाही, हा आमच्याकडचा कायदा. शुगरवाली आत्या पाहुण्यांसमोर दोन-दोन लाडू हाणते, मामाचा जाड भिंगाचा चष्मा फडताळात जातो. आप्पांच्या नजरेत समोरचा माणूस परीक्षक नव्हताच. शिकलेला, नोकरीवाला, म्हणजे कुठल्यातरी नवऱ्या मुलाच्या ओळखीचा असणारच!

मी कानाशी लागून सांगितलं की हे सगळं खोटं खोटं आहे. त्यावर आप्पा हळूच (म्हणजे अख्ख्या हॉलला ऐकू जाईल इतपत) म्हणाले, "खोटं आसलं तरी सांगू नै गं. लोकं ध्यानात ठेवत्यात."

एवढ्यावर थांबतील तर ते आप्पा कसले! त्यांनी परीक्षकांनाच तपासायला घेतलं. गाव कुठलं, शेती किती, घरात कुणी लग्नाचं आहे काय. परीक्षक कागदावर काहीतरी लिहीत होते, आणि ते त्यांच्या शेतीबद्दल नसणार हे मला कळत होतं. माझा पारा चढला. गप पडा, म्हणून मी पेशंटवर खेकसले. बॅच खो खो हसली आणि परीक्षकांनी आणखी काहीतरी लिहिलं.

राहता राहिलं बीपी. मी दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, कान लावला. आकडा भलताच वर! माझाच राग कानात ठोके देतोय असं वाटून मी पुन्हा बघितलं. तोच आकडा. परीक्षेत पेशंटच्या नावानं जो कागद दिला होता, त्यावर बीपीचा साधा आकडा आधीच लिहिलेला होता आणि माझ्या आधीच्या सगळ्यांनी आपापल्या कागदावरचाच म्हणून दाखवला होता. खरा सांगितला, तर हिला मोजताच येत नाही म्हणून मी गेलेच! नोकरी डोळ्यांसमोरून निघून जाताना दिसत होती. पण आप्पांच्या कपाळावरचा घामही दिसत होता. मी खरा आकडा सांगितला.

"कागदावर एवढं नाही," परीक्षक म्हणाले.

"कागदाचं मला ठाऊक नाही, सर. माझ्या आप्पांचं एवढं आहे."

त्यांनी स्वतः मोजलं. मग पुन्हा मोजलं. ते आप्पांच्या उशाशी बसले आणि गोळ्या कधी बंद केल्या, असं सरळ विचारलं. आप्पांनी टोपी काढून छातीवर ठेवली.

"लग्नसराईपास्नं. पाव्हन्यांम्होरं खिशातनं पाकीट पडलतं गोळ्यांचं."

माझ्या स्थळासाठी! मला रडू आलं, आणि रागही असा आला की तिथंच त्यांची टोपी फेकावी. त्यांना दवाखान्यात नेलं, गोळ्या सुरू झाल्या, आप्पा धडधाकट घरी आले. परीक्षकांनी मी पेशंटवर खेकसल्याचे मार्क कापले आणि मला पास केलं.

आता मी ॲम्ब्युलन्सवर पार खानापूरच्या जंगलापर्यंत पेशंट आणायला जाते. इकडं गावात आप्पा कौतुकानं सांगत फिरतात, "एवडी वर्सं मला काय सुदिक न्हवतं. पोरीनं हात लावला आन् बीपी आला." आमच्या गल्लीला ते शंभर टक्के पटलंय. बांगड्या भरणाऱ्या कासारणीपुढं तासन्‌तास हात पसरून बसणाऱ्या बायका मी दारात दिसले की आधी हात पदराखाली घेतात, आणि मग म्हणतात, ये गं, बस.