चाळीस काजांचा शब्द

आमच्या समोरच्या दारातल्या काकांना इमारतीत सगळे टक्केकाका म्हणतात. औषधांच्या कारखान्यात एकतीस वर्षे भांडार सांभाळून ते निवृत्त झाले, पण मोजण्यातून काही निवृत्त झाले नाहीत. मुलीने दिलेल्या संगणकावर त्यांनी स्प्रेडशीट मांडली आणि प्रत्येक संकल्पाला एकेक ओळ दिली. शब्दकोश वाचून संपवणे, चौतीस टक्के. गॅलरीतल्या कुंड्या रंगवणे, साठ. रोज जिन्याने चढणे, या ओळीत मात्र कित्येक महिने शून्य होते. लिफ्ट बंद पडल्याशिवाय तिथे आकडा उगवायचा नाही, असे काकूंचे भाकीत होते.

काकू शिंपीमास्तरांच्या दुकानात कोटांची काजे हाताने करतात. बटण जिथून जाते त्या चिरेला रेशमी दोऱ्याने कड बांधायची, काम एवढेच. पण कोटाची पारख जाणकार तिथेच करतो. गेल्या वर्षी ओल्या पायरीवरून पाय घसरून त्यांचे उजवे मनगट मोडले. प्लास्टर निघाले तेव्हा अंगठा तर्जनीला टेकत नव्हता. मास्तरांनी त्यांची खिडकीजवळची खुर्ची रिकामी ठेवली होती. तिथे पुन्हा बसता येईल की नाही, एवढाच प्रश्न त्या घरात उरला होता.

काकांनी त्याच दिवशी ‘उजवा हात’ नावाची नवी शीट उघडली. बरणीचे झाकण, भरलेली किटली, वेणी आणि सर्वांत शेवटी काजे. शंभर टक्के म्हणजे नेमके किती हे ठरवण्यासाठी त्यांनी विचारले, पडण्यापूर्वी दिवसाला किती होत असत? काकूंनी मान वर न करता चाळीस सांगितले. काकांनी चाळीस लिहिले.

“मी काय दूध आहे,” काकू म्हणाल्या, “किती टक्के पाणी ते बघायला?”

असे म्हणत, पण रोज सकाळी कापडाचा तुकडा घेऊन बसत. सहा काजे झाली, पंधरा टक्के. चौदा झाली, पस्तीस. झाकण, किटली, वेणी हे रकाने एकामागून एक हिरवे झाले. झाकणाचा रकाना हिरवा झाला त्या दिवशी तर काकू आमच्याकडे घट्ट बसलेली एखादी बरणी आहे का, म्हणून विचारत आल्या आणि आम्ही नको म्हणत असताना तीन बरण्या उघडून गेल्या.

मग अठ्ठाविसावर, म्हणजे सत्तर टक्क्यांवर, आलेखातली काजांची रेघ थांबली. तीन आठवडे ती उन्हात पसरलेल्या मांजरासारखी आडवी पडून राहिली. काकूंचे टोमणे कमी झाले आणि तेव्हा आम्हाला काळजी वाटू लागली. शनिवारी त्यांनी शांतपणे सांगितले, मास्तरांना कळवा, खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या म्हणावे. सत्तर टक्क्यांचा हात घेऊन मी तिथे बसणार नाही.

मला माझा कोट आणायचा होता, म्हणून काकांबरोबर मीही गेलो. काकांनी आलेखाचा कागद पुढे ठेवून निरोप सांगितला. मास्तरांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि कागद बराच वेळ निरखला.

“हे चाळीस कुणाचे?”

काका म्हणाले, तिचेच. मास्तरांनी भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट दाखवले. एका काजाला एक, असे मापाने कापलेले दोरे ते रोज सकाळी तिथे अडकवून ठेवत.

“वहिनींचे अठ्ठावीस. बावीस वर्षं मीच कापतोय. एकोणतिसावा त्यांनी कधी मागितला नाही.”

भांडारात हरवलेली पेटी शेजारच्याच फळीवर सापडावी, तसा काकांचा चेहरा झाला. मास्तरांनी तेवढे दोरे कापून त्यांच्या हाती दिले. इमारतीशी पोचल्यावर काका चालू लिफ्ट सोडून जिना चढू लागले. मी कोट सावरत मागे.

“नोंदीत चूक सापडली,” ते दारातच म्हणाले.

“कुणाची?”

“माझी. आकडा खातरजमा न करता घेतला. तू सत्तरवर नाहीस. तीन आठवडे झाले, शंभरवर बसली आहेस.”

त्यांनी दोऱ्यांची जुडी टेबलावर ठेवली. काकूंनी ती मोजली नाही. हातात घेतल्याबरोबर त्यांना वजन कळले असावे. आधी त्या रागावण्याच्या बेतात होत्या, पण मध्येच हसू फुटले आणि ते आवरेना.

“तुमच्या आईंनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, दिवसाला किती काजं करतेस. घाबरून चाळीस म्हणून बसले. सासूला सांगितलेला आकडा पुढे कमी कसा करायचा?”

सांगून सांगून तो त्यांनाही खरा वाटू लागला होता. हाताला मात्र खरे ठाऊक होते. तो अठ्ठाविसावर थांबे. काकांनी चाळीस पुसून अठ्ठावीस लिहिले आणि रकाना हिरवा झाला.

सोमवारी काकू खुर्चीवर परतल्या. संध्याकाळी दारात चपला काढता काढताच म्हणाल्या, “एकोणतीस.”

काकांनी बोटे कीबोर्डवर नेली, मागे घेतली आणि आधी मास्तरांना फोन लावला. काकू कमरेवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने रकान्यात एकशे तीन पूर्णांक सत्तावन्न शतांश उमटले. शंभराच्या पुढे रंगच ठरवलेला नव्हता. काकूंनी जांभळा मागितला.