महाळुंग्यातलं खारं पाणी

धनेश खोबरेकर मूळचा मालवणकडचा, आता घर काळेवाडीत. महाळुंग्यातल्या एका छोट्या कारखान्यात तो अठरा वर्षं टेस्टिंगला आहे. मालवणचा समुद्र तिथून दिवसभराच्या प्रवासावर, पण धनेश तपासतो त्या मुठीएवढ्या डब्या समुद्रासाठीच असतात. मासेमारीच्या जाळ्याला बांधलेली डबी खाऱ्या पाण्यात उतरली की वाजू लागते आणि तो आवाज ऐकून गादा, म्हणजे आपण डॉल्फिन म्हणतो तो, जाळ्यापासून लांब वळतो. गाद्याला श्वासासाठी वर यावं लागतं. जाळ्यात अडकला तर तो बिचारा पाण्यातच बुडून मरतो.

धनेशने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. विशीत वडिलांच्या होडीवर असताना जाळ्यात मेलेली मादी आली, तिला बिलगून पिल्लू. वडिलांनी जाळं कापून दोघांना समुद्रात सोडलं. त्या दिवशीची मासळी विकली नाही, घरातही शिजू दिली नाही. गादा मेला की खोबरेकरांकडे एक दिवसाचं सुतक असायचं. धनेश मात्र पुन्हा होडीवर चढलाच नाही.

म्हणून डब्यांचं काम आलं तेव्हा तो हरखला. पहिल्या वीस डब्या त्याने थोरल्या भावाकडे पाठवल्या. अर्जुनदादा असल्या खेळण्यांवर विश्वास ठेवणारा नव्हे, पण धाकट्याच्या शब्दाखातर त्याने त्या जाळ्याला बांधल्या.

डबी मिठाच्या पाण्यात तपासायची, असा नियम होता. मिठाने टेबलं, पक्कडी, सगळंच गंजायला लागलं. सुपरवायझर नवनाथ राजगुरुनगरचा. मनाने चांगला, पण समुद्र त्याने फोटोतच पाहिलेला.

"धनेशभाऊ, पाणी ते पाणी राव! साध्या पाण्यात वाजली तर खाऱ्यात वाजणारच की."

साध्या पाण्यात डबी वाजेना, तेव्हा आतला स्क्रू फिरवून ती नुसत्या ओलीनेही वाजेल इतकी हळवी केली. फिरवला धनेशनेच, दादाला पाठवलेल्या त्या पहिल्या वीस डब्यांपासूनच. दर्यावर वाढलेल्या माणसाला यातलं काही कळत नव्हतं, असं कोणी म्हणू नये. त्याने फक्त वाद घालायचा कंटाळा केला.

हळव्या झालेल्या डब्या किनाऱ्यावर ओल्या जाळ्याच्या ढिगातही वाजत राहिल्या. पंधरवड्यात बॅटऱ्या संपल्या आणि मग पाण्यात उतरल्या त्या मुक्याच.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी दुपारी धनेश जेवायला बसला होता. ताटात तळलेला बांगडा होता. दादाचा फोन आला.

"धनेशा, तुझी डबी वाजली नाय रे. गादो मेलो. वांगडा पिल्लू होता."

पुन्हा सोबत पिल्लूच. दादाने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्याने फोन ठेवून दिला. धनेशने ताट सरकवलं आणि बायकोने, स्वरूपाने, ते उचललं.

सोमवारी दोनशे डब्या पॅक होऊन टेम्पोत चढत होत्या. त्या जातील त्या प्रत्येक होडीवर हेच होणार होतं. धनेश तडक मालकीणबाईंच्या, विजयश्रीमॅडमच्या केबिनमध्ये गेला.

"मॅडम, गाडी थांबवा. डब्या चुकीच्या आहेत. स्क्रू मी फिरवलाय."

"कळत होतं तरी?"

"हो."

त्यांनी फोन करून टेम्पो थांबवायला सांगितला. "मग उघडा. एकूण एक."

स्क्रू मागे फिरवून प्रत्येक डबी खाऱ्या पाण्यात तपासायचं काम महिनाभर चाललं. धनेश पिंपात मीठ कालवायचा, बोट बुडवून जिभेला लावायचा आणि आणखी मूठभर टाकायचा. त्याला मोजमाप लागत नसे. नवनाथ गंजलेली पक्कड घासत बसे. नव्या वीस डब्या दादाला गेल्या. त्याने त्या बांधल्या की फेकल्या, हे विचारायची धनेशची हिंमत झाली नाही.

घरात मासळी शिजेना. एका दिवसाचं सुतक धनेशने आपल्या मनानेच लांबवलं होतं. स्वरूपाने एकदा जावेला फोनवर ते सांगून टाकलं.

मे संपता संपता, मासेमारीचा हंगाम आटोपला तेव्हा, दादाचा फोन आला.

"होडी वर ओढली. तुझ्यो नव्यो डब्यो बांधलंय, वाजतत. परत गादो जाळ्यात गावाक नाय."

पलीकडून लाटांची गाज ऐकू येत होती.

"स्वरूपाक सांग, आज मासे कर."

'होय' म्हणून धनेशने पिशवी उचलली आणि तो बांगडे आणायला निघाला.