वाळूतला साडू

माझा साडू पायात बूट घालण्याआधी तो उलटा धरतो आणि जमिनीवर दोनदा आपटतो. रेणापूरला, सासरवाडीच्या लख्ख पुसलेल्या फरशीवरसुद्धा. पहिल्यांदा त्याने तसं केलं तेव्हा सगळं घर बघायला जमलं. "विंचू बसतो आत," तो म्हणाला, "तिकडं सवय लागली." बस्स, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून माझे सासरे, म्हणजे आण्णा, देवळात जाण्याआधी चपला आपटायला लागले. मीही एकदा चारचौघांत आपटून पाहिली. चपलेचा अंगठा तुटला. "तुमच्या चपलंत काय बसणार?" बायको म्हणाली. "केळाचं साल?"

मी अर्धापूरचा केळीवाला. बागा बघायच्या, घड उतरवायचे, ट्रक भरून वाटेला लावायचे. साडू हवाई दलात सार्जंट, राजस्थानच्या वाळवंटात विमानांची दुरुस्ती करतो. रेणापुरात त्याला नावाने कोणी हाक मारत नाही; तो सगळ्यांचा 'सारजंट'. आता आण्णांची थोरली लेक सुनंदा माझ्या घरात, धाकटी मंगल त्याच्या. म्हणजे रिवाजाने थोरल्या जावयाचा मान माझा. पण आण्णा भुसार दुकानात तूर मोजता मोजता गिऱ्हाइकाला सांगणार, "आमचे सारजंट वाळवंटात हायत. पन्नास डिग्री!" गिऱ्हाईक शेजारच्या बाकावर बसलेल्या माझ्याकडे बोट करून विचारणार, "आन् हे?" "हे अर्धापूरचे." जसा काही मी जावई नसून एसटी आहे.

मला फार काही नको होतं. आण्णांनी माझ्याबद्दल एकदा तसं बोलावं आणि ते माझ्या कानांवर पडावं, एवढंच. त्यासाठी मी काय काय केलं! पण मी केळीचा अख्खा घड उचलून आणला की हा वाळूच्या वादळाचा एखादा फोटो पाठवायचा. घड कोपऱ्यात, फोटो गावभर.

धोंड्याच्या महिन्यात तर कहर झाला. अधिक महिन्यात जावयांना धोंड्याचं जेवण, वाण, कपडे. पहिला टिळा थोरल्याला. मी सकाळपासून धुतलेल्या कपड्यांत टिळ्याची वाट बघत बसलो होतो. तेवढ्यात सासूबाईंचा मिक्सर बंद पडला. सारजंटने टॉवेल अंथरला, त्यावर हत्यारं ओळीने मांडली, मोजली, मिक्सर दुरुस्त केला आणि पुन्हा मोजली. एक बारका पेचकस कमी. "कोणी उठायचं न्हाई," तो शांतपणे म्हणाला. ताटं वाढलेली, अनारसे रचलेले, आणि सगळं घर चटया झटकत राहिलं. "विमानाच्या कामात एक जरी राहिला ना, तर सापडेस्तोवर विमान जागचं हलत न्हाई." आण्णा भारावून माझ्याकडे बघत म्हणाले, "याला म्हणतात शिस्त!" पेचकस माझ्याजवळच होता. पाठ खाजवायला मीच घेतला होता. टिळा मला पहिलाच लागला, पण तो लावताना सासूबाई हसत होत्या.

त्याच्या नोकरीची चौकशी करणं हा वेगळाच खेळ. "विमानं किती हायत?" "लई हायत, आण्णा." "सरहद किती लांब हाय?" "जवळच." "मग तुमी दिसभर करता काय?" "काम." असल्या उत्तरांवर आण्णा आठवडाभर खूश. मी मात्र डागाळलेल्या केळीची सगळी हकीकत मुळापासून सांगितली, तर त्यांना जांभई.

शेवटी आण्णांनी हट्टच धरला, वाळवंट बघायचं. सोबत कोण? अर्धापूरचे. मी मनात म्हटलं, बरं झालं. निवडक कच्ची केळी पेटीत भरली. असा हिशोब केला की गाडीतून उतरायला आणि केळी पिवळी व्हायला एकच गाठ पडावी. जन्म केळीत गेला माझा! पण डब्यातल्या उकाड्याने केळी आमच्या आधी पोचली. दुसऱ्या दिवशी वास सुटला, अख्ख्या डब्याला वाटली, आणि उतरलो तेव्हा पेटीत उरली काळी, लिबलिबीत चार केळी. सारजंटने स्टेशनवरच त्यातलं एक केळं सोललं, उभ्याउभ्या खाल्लं, डोळे मिटून. "घरचं हाय," म्हणाला. आण्णांचे डोळे भरून आले. माझ्याच केळीवर कौतुक त्याचं!

त्याचे दिवस मात्र मी तिथे डोळ्यांनी पाहिले. उजाडायच्या आत तो घरातून बाहेर, कारण ऊन चढलं की विमानाच्या पत्र्याला हात लावता येत नाही. लावलाच तर हातमोज्यातूनही चटका. परतायचा तेव्हा भुवया पांढऱ्या, कानात वाळू, दातांत वाळू. जेवताना ताट पालथं ठेवायचं आणि वाढायच्या क्षणीच सुलटं करायचं. तरी वरण कचकच लागायचंच. तळावर आम्हाला प्रवेश नव्हता. क्वार्टरच्या गच्चीवरून गर्जना ऐकायची, आणि विमान दिसेपर्यंत ते गेलेलं असायचं. "काम संपलं की इंजिनाच्या तोंडावर झाकण घालायचं," तो एकदा म्हणाला. "त्याचं तोंड झाकलेलं पायजे, भाऊ. आपलं उघडं राह्यलं तरी चालतंय."

एका दुपारी तो कामावर होता, मंगल मुलांना आणायला शाळेत गेली होती, आण्णा आत घोरत होते. मला उकडत होतं. खिडक्यांना ओले टॉवेल लावलेले. मी ते काढले आणि अर्धापूरला उघडतो तशा सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. काय गार वारा सुटला! त्यामागे आकाश तांबडं झालं होतं, ते मी बघितलं नाही. मग वाळवंट घरात आलं. गादीत, पिठाच्या डब्यात, देव्हाऱ्यात. आण्णा खोकत उठले. महादेवाची पिंड दिसेना म्हणून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की तो तिसरा डोळा मला त्यांच्याच कपाळावर दिसला.

सारजंट दिवसभर उन्हात राबून आला. घर पाहिलं, माझा चेहरा पाहिला. "आण्णा, मीच सांगितलं हुतं भाऊंना खिडक्या उघडायला. माझी चूक," म्हणाला, आणि टॉवेल भिजवायला लागला. घ्या! आता खोटं बोलण्यातही तो माझ्या पुढे.

आण्णा अंघोळीला गेले. आम्ही दोघं गादी झटकत होतो. मी चिडून म्हटलं, "सारजंट, एवढं चांगलं वागू नका हो. मला त्रास होतो."

तो हसला. मग हसायचा थांबला. "मला तुमचा होतो, त्याचं काय? आण्णांच्या छातीत दुखलं, तवा तुमी लातूरला नेलं, चार रोज बसून राह्यलात, घरी आणलं. मंग मला कळलं. मी फोनवर रडून राह्यलो हुतो, तर आण्णा म्हणले, 'थोरले हायत ना, तुमी कायला भिता?' दर फोनला तेच. थोरल्यांनी गोळ्या आणल्या, थोरल्यांनी मोटार बसवली. असा राग येतो ना, भाऊ! मी इथं दुसऱ्याची विमानं पुसत बसलोय."

मी गादीवरच बसलो. म्हातारा पक्का व्यापारी! एका गिऱ्हाइकाजवळ दुसऱ्याची तारीफ, म्हणजे दोघंही दुकान सोडत नाहीत. सारजंटच्याही ते तेव्हाच लक्षात आलं. आम्ही एवढे हसलो की तोंडात पुन्हा वाळू गेली.

निघायच्या दिवशी त्याला सुट्टी मिळाली नाही. पहाटे कामावर जाताना तो आण्णांच्या पाया पडला, मग माझ्या. पाया पडून उठताना कानाशी म्हणाला, "सांभाळा त्यांना." एवढंच. त्याचा तो पाठमोरा, वाळूत पाय रुतवत झपाझप जाणारा आकार अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. पुढची भेट कधी, हे त्याने सांगितलं नाही. ते त्यालाही ठाऊक नसावं.

गाडीत आण्णांनी समोरच्या बाईंना सारजंटचं सगळं पुराण ऐकवलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आणि हे?"

"हे सोबत आलेत," आण्णा म्हणाले.

मी तोंडावर रुमाल टाकून आडवा झालो. थोड्या वेळाने त्यांचा फोन वाजला. मी झोपलोय की नाही हे त्यांनी वाकून पाहिलं आणि मग आवाज खाली आणून बोलले, "हाव सारजंट, बसलो गाडीत. कायचा तरास? थोरले हायत ना सोबत. त्यांच्यासारखा माणूस हाय म्हणून तर मी निघालो."

मी रुमालाखाली हललो नाही. तिकडे पन्नास डिग्रीत एक माणूस माझ्यावर जळत होता, आणि मला इकडे इतकं गार वाटत होतं की काय सांगू!